चुंबकवीराचा सोळावा अंक

हैदराबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं शिवशंकर हलबर्गेला सांगितलं, "उजवा डोळा गेलेलाच आहे, अन् डावा फार तर होळीपर्यंत साथ देईल," तेव्हा त्या भल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? बायको? नाही. एकुलती एक लेक ज्योती, जी शेजारच्या खुर्चीत ओढणीनं डोळे पुसत बसली होती? तीही नाही. छप्पन्न वर्षांचा बाप्या, अन् त्याच्या मनात आलं, 'मंग चुंबकवीराचा सोळावा अंक मी बघू कधी?'

लाज वाटली त्याला. त्यानं मान खाली घातली, ती ज्योतीला वाटलं दुःखानं घातली. दुःख होतंच हो, नव्हतं असं कोण म्हणतंय! पण माणसाचं मन लई हलकट. आभाळ कोसळलं तरी ते नेमकं एखाद्या बारीक गोष्टीलाच जाऊन चिकटतं.

काचबिंदू म्हणाले त्याला. त्यात नजर कडेकडेनं मिटत येते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. सहा महिने त्याचा उजवा खांदा दाराच्या चौकटींना धडकत होता, अन् बायको मल्लेश्वरी म्हणायची, "आवं, बघून चालत जावा की! पिऊन आल्यावानी कामून करायलाव?" दारूचा थेंब न शिवलेला माणूस! दवाखान्यात जाईपर्यंत उजवीकडं अंधार झाला होता, अन् डाव्या डोळ्यानं जग नळीतून बघितल्यागत दिसायला लागलं होतं.

अन् हा माणूस पेंटर. देवाला तरी काही वाटायला पाहिजे होतं. बीदरमध्ये चौबाऱ्याच्या बुरुजाजवळच्या गल्लीत तीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही. उर्दू त्याला वाचता येत नव्हती, पण रंगवायचा अशी, की जाणती माणसं सायकल थांबवून बघायची. मग फ्लेक्स आलं. कॉम्प्युटरमधून फर्रकन कापड निघायला लागलं, त्यावर गावातल्या सगळ्या रिकामटेकड्यांचे गॉगल लावलेले फोटो. शिवशंकरच्या ब्रशांचे केस डब्यातच कडक झाले. पोटासाठी तो शिडीवर चढून तीच फ्लेक्सं बांधायला लागला. नजर गेली तेव्हा तेही गेलं.

पण त्याच्या हातात ब्रश आला कसा, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तो मूळचा बसवकल्याणकडच्या मुडबीचा. दहा-अकरा वर्षांचा असताना तिथं नरसिंग नावाचा एक सायकलवाला दुकानात सुतळी बांधून तिच्यावर चित्रांची पुस्तकं वाळत घातल्यासारखी टाकायचा अन् भाड्यानं वाचायला द्यायचा. त्यात एक असायचं, चुंबकवीर. लोहाराचा पोरगा. आभाळातनं पडलेलं लोखंड याच्या अंगात भिनलेलं, त्यामुळं हात वर केला की दरोडेखोरांच्या तलवारी, कुलपं, बंदुका सगळं खणाखण याच्याकडं येणार. त्याचा वैरी गंजासूर. तो हात लावील ते लोखंड गंजून जायचं, नांगराचे फाळ, मोटेची कडी, किल्ल्यावरच्या तोफा. चित्रं साधी, लाल अन् काळी शाई, तीसुद्धा कुठं कुठं रेघेबाहेर गेलेली.

पण खरी गंमत वेगळीच होती. बाकीच्या पुस्तकांतले वीर कसे बोलायचे? "अरे दुष्टा, थांब, तुझा काळ जवळ आला आहे!" असं. मुडबीत असं कोण बोलतं? मास्तरसुद्धा बोलत नव्हते. चुंबकवीर म्हणायचा, "कुठं पळायलास रं? कामून पळायलास? थांब की जरा!" पोरं लोळायची हसून. अन् शिवशंकर हसता हसता गप्प व्हायचा. आपल्या तोंडातली भाषा कागदावर येते, अन् तिच्यात एवढा मोठा वीर बोलतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्या दिवसापासून तो कोळशानं भिंतींवर चुंबकवीर काढायला लागला अन् बापाचा मार खायला लागला.

पंधरा अंक निघाले. उदगीरच्या एका छापखान्यात छापायचे, जत्रांत अन् बसस्टँडवर विकायचे. पंधराव्यात काय झालं, तर गंजासुरानं चुंबकवीरालाच हात लावला. वीर कंबरेपर्यंत गंजला, जड झाला, अन् कोरड्या विहिरीत पडला. वरची लोखंडी साखळी गंजून तुटली. खाली झरे फुटले, पाणी छातीला लागलं. शेवटच्या चित्रात तो वर तोंड करून ओरडतो, "वर कुणी हाय का?" अन् खाली लिहिलेलं, 'पुढच्या अंकात बघा.'

पुढचा अंक आलाच नाही. नरसिंग सायकलवाला म्हणाला, छापखानेवाल्यानं लग्नपत्रिका छापायला काढल्यात, त्यात बरकत हाय. झालं! पोरं चार दिवस हळहळली अन् विसरली. शिवशंकर विसरला नाही. बारा वर्षांच्या पोराला त्या विहिरीची स्वप्नं पडायची, अन् पुढं मोठा झाल्यावरही, अंगात ताप असला की तीच विहीर.

मोठेपणी त्यानं ते पंधरा अंक गोळा करायला घेतले. त्याला वीस वर्षं लागली म्हटलं तर लोक हसतात. पण मिळणार कुठून? महाराष्ट्रातले लोक म्हणायचे, हे तुमच्या बीदरकडचं दिसतंय, आमच्या यादीत नाही. कर्नाटकातले म्हणायचे, मराठी आहे ना, मग तिकडं बघा. सीमेवरच्या माणसाचं जे होतं तेच त्याच्या वीराचं झालं. तरी याची चिकाटी बघा. तिसरा अंक भालकीच्या रद्दीत मिळाला. नववा एका आत्याच्या पेटीत तळाला अंथरलेला, शेवटची चार पानं गायब. अकराव्यासाठी तो एका अनोळखी लग्नात जाऊन जेवला, कारण नवरदेवाच्या चुलत्याकडं आहे असं कळलं होतं. मल्लेश्वरी कपाळावर हात मारून घ्यायची. "लोकाची माणसं प्लॉट घेतेत, आमचं माणूस फाटकी पुस्तकं घेतंय!" पण धूळ तीच पुसायची.

पंधराही जमले. आणि ते काढणारा कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुस्तकावर नावच नाही. कोपऱ्यात फक्त एक बारीक नाल काढलेली असायची.

हैदराबादहून आल्यावर बाप भिंतीकडं तोंड करून पडलेला बघवेना, म्हणून ज्योतीनं सगळ्या अंकांचे फोटो काढले अन् मोबाईलवर टाकले. लिहिलं, 'माझ्या अप्पांचे डोळे चाललेत. त्यांना याचा सोळावा अंक एकदा बघायचाय. कुणाला चित्रकार माहीत असेल तर सांगा.' दसरा झाल्यावर चार दिवसांनी हैदराबादेत राहणाऱ्या अंबिका नावाच्या बाईचा निरोप आला. 'ही नाल आमच्या आजोबांची. किशनराव मास्तर, ठाणाकुशनूर. शाळेत कुणी हसू नये म्हणून नाव टाकायचे नाहीत. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आज्जी अजून गावात एकटीच असते. तिच्याशी बोला.' खाली आज्जीचा नंबर.

ठाणाकुशनूर! औरादच्या बाजूला, बीदरहून सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचतं माणूस. वीस वर्षं यानं हैदराबाद, लातूर, सोलापूर पालथं घातलं, अन् काखेत कळसा!  ज्योतीनं नंबर लावून फोन शिवशंकरच्या कानाला दिला.

"कोण बोलायलंय?" पलीकडून म्हातारा आवाज आला. या चंद्रभागाबाई, मास्तरांची बायको, ऐंशीच्या घरात.

शिवशंकरनं जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तरांच्या कागदाची पेटी हाय बाबा. छापून न आलेलं एक बाड बी हाय. ते परत आलं तवा मास्तर तीन दिवस जेवले न्हाईत. जाड पांढरे कागद हायेत त्याचे, हातानं रंगवलेले. मला कुठं वाचता येतंय? पण मी ठिवलंय."

"अव्वा," शिवशंकर म्हणाला, अन् त्याला रडूच आलं. "मी येतो. मी उद्याच येतो."

दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात ते खोटं नाही. उद्या ऑपरेशन होतं. डाव्या डोळ्यात उरलंय तेवढं कदाचित टिकेल म्हणून डॉक्टरनं मोठ्या मुश्किलीनं तारीख दिली होती. ज्योती म्हणाली, "अप्पा, आधी डोळा. कागद चाळीस वर्षं ऱ्हायलेत, अजून तीन आठवडे ऱ्हातेत." मल्लेश्वरी म्हणाली, "व्हय, डोळाच न्हाई ऱ्हायला तर बघणार कशानं?" बरोबरच होतं की ते. मग ज्योती म्हणाली, "मी जाऊन आणते तोवर." त्यावर मात्र याचा अहंकार फणा काढून उभा राहिला. "न्हाई! हात लावू नको. पयलं पान मी उलटणार. मी."

लेकीला जाऊ दिलं असतं तर! आता बसल्या जागी किती वेळा म्हणतो तो हे. म्हणून काय उपयोग?

ऑपरेशन झालं. तीन आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, बसचा धक्का बसू द्यायचा नाही. डोळ्यावर पट्टी, अन् पट्टीखाली जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी त्यानं म्हातारीला फोन लावायला लावला.

"अव्वा, कागद बरे हायेत का?"

"हायेत की."

"पेटी कुठं ठिवली? खाली तर न्हाई? वाळवी लागंल."

"वाळवी लागलेलीच हाय बाबा थोडी. कडंला खाल्लंय. मातीचं घर हाय, काय करणार?"

संपलं! त्या दिवसापासून त्याला चैन नाही. पट्टीच्या अंधारात त्याला वाळवी दिसायची, पांढरी, सोळाव्या अंकाच्या कडेनं आत आत सरकणारी, जशी त्याची नजर सरकत आली होती. दर दिवसाआड फोन. मग रोज. मग सकाळ-संध्याकाळ. "अव्वा, आज बघितलं का? अजून किती खाल्लंय? अव्वा, कायबी कर, पण वाळवीपासनं वाचीव. माझा जीव हाय त्यात." म्हातारी बिचारी दर वेळी पेटी उघडून बघायची अन् ओशाळल्यासारखं सांगायची, "अजून चार पानं गेली रं लेकरा." जणू तिनंच खाल्ली. एकदा ती म्हणाली, "तू लई काळजी करायलास. डोळ्याला तरास व्हतो. भिऊ नको, मी करते बंदोबस्त." शिवशंकरला बरं वाटलं. औषध-बिवषध टाकत असेल म्हातारी. त्यानं विचारलंही नाही. त्यानंतर दोनदा फोन केला तर ती म्हणाली, "आता चिंताच मिटली बग. तू खुशाल ये." तेव्हा कुठं तो पहिल्यांदा नीट झोपला.

बाविसाव्या दिवशी बाप-लेक ठाणाकुशनूरला गेले. जाताना त्यानं म्हातारीसाठी लुगडं घेतलं, नारळ घेतला, खडीसाखर घेतली. बसमध्ये तो लग्नाला निघालेल्या पोरासारखा ताठ बसला होता. ज्योतीनं त्याला कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सोळाव्यात काय असेल याचे त्यानं चार प्रकार सांगितले. एकात वीर मरतो. "मेला तरी चालंल," तो म्हणाला, "पण काय झालं ते कळाय पाहिजे. आसं मधीच लटकवून जायाचं न्हाई माणसाला."

चंद्रभागाबाईंचं घर दोन खणांचं, समोर सारवलेलं अंगण. म्हातारी दारातच उभी होती. शिवशंकर पायाला लागला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पाणी झालं, चहा झाला, लुगडं बघून "कशाला आणलंस रं" झालं. तिचे हात सुजले होते, बोटांची सालं निघाली होती. ज्योतीच्या नजरेला ते आलं, पण तिनं विचारलं नाही. शिवशंकर पाटाच्या कडेवर बसला होता, खुर्ची दिली तरी न घेता.

"आणते हां," म्हातारी म्हणाली. आत गेली अन् दोन्ही हातांवर धरून काहीतरी घेऊन आली. वर नवा खण झाकलेला. तिनं ते त्याच्या मांडीवर ठेवलं अन् समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघायला लागली, पोराला नवं अंगडं घालून आई बघते तसं.

त्यानं खण काढला. दुरडी होती. हळदीनं पिवळी केलेली, कडेला गेरूची नक्षी. सुबक, जड, नवी कोरी. त्यानं आत हात घातला. आत काही नव्हतं.

"अव्वा, कागद?"

"हेच की कागद!" म्हातारी म्हणाली. "सगळेच्या सगळे घातलेत. येक बी वाया जाऊ दिला न्हाई."

ज्योतीच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. शिवशंकरला अजून कळलं नव्हतं. म्हातारीच मग हौसेनं सांगायला लागली. चार दिवस रांजणात भिजत घातले. मेथ्या वाटून घातल्या. उखळात कुटले, एकटीनं, थांबून थांबून, दोन दिवस. बुरडाकडून नवी दुरडी आणून आतून-बाहेरून लगदा लिंपला, पाच दिवस उन्हात फिरवून फिरवून वाळवली. "मेथीच्या लगद्याला वाळवी शिवत न्हाई बग. कडू लागतंय तिला. आता पन्नास वर्षं ह्याला कायबी व्हत न्हाई. तू रोज जीव टाकायलास फोनवर, मला रातभर झोप न्हाई यायची. म्हटलं, मास्तरांचा जीव ज्यात गुतला, त्यात ह्या लेकराचा बी गुतलाय. माझ्या हातनं जपून देते."

"पण आज्जी, ती चित्रं..." ज्योती उठलीच. बापानं चाचपून तिचा हात धरला अन् इतका जोरात दाबला की तिच्या बांगड्या रुतल्या.

"चित्रं तर गेलीच असती की पोरी," म्हातारी सरळ म्हणाली. "वाळवीनं खाल्ली असती. अन् हे काय मी माझ्या मनानं न्हाई केलं. मास्तर सोता करायचे! न खपलेली पुस्तकं गठ्ठ्यानं परत यायची. मास्तर म्हणायचे, चंद्रभागा, भिजव. सोता मुसळ घेऊन कुटायचे. ह्या गावात कुणाच्याबी घरी जा, मास्तरांच्या पुस्तकाच्या दुरड्या हायेत. कुणी भाकरी ठिवतंय, कुणी ज्वारी."

आता सांगा, या बाईवर रागवायचं कसं? आणि कुणी? ज्यानं वीस वर्षं दुनिया धुंडाळली, त्याचा चुंबकवीर इथं घरोघरी भाकरीखाली बसला होता. अन् जो एक उरला होता, तोही याच्याच फोननं उखळात गेला. म्हातारीनं मुसळ धरलं असेल, पण कुटायला लावलं यानं. हे त्याला तिथं, त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं. 

तो दुरडी डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन फिरवायला लागला. उरलेल्या नळीएवढ्या नजरेनं तो बोट बोट पुढं सरकत होता. कुठं लाल रेघ दिसते का, कुठं एखादं अक्षर, अर्धं तरी. पिवळं होतं सगळं. खाली लगद्याचं करडं. म्हातारीनं कुटायला कसूर केली नव्हती.

"आवडली न्हाई का रं?" तिनं विचारलं.

"लई चांगली झालीय, अव्वा," शिवशंकर म्हणाला. "आसली मी कुठं बघितली न्हाई."

म्हातारी खुलली. तिनं पदरानं नाक पुसलं. मग शिवशंकरनं अगदी हळू विचारलं, "अव्वा, भिजवायच्या आधी तू बघितलंस का, त्या पांढऱ्या कागदावर काय व्हतं?"

"मला काय अक्कल चित्रातली? बघितलं जरासं. विहीर व्हती येक. अन् काठावर बाई व्हती." ती एकदम लाजली, ऐंशीची म्हातारी. "माझ्यावानी काढली व्हती रं. हे माझं नाक, ही नथ, सगळं. मला कवा बोलले न्हाईत मास्तर. बघून हसूच आलं मला."

"बाई काय करायली व्हती?"

"तिच्या हातात दोर व्हता. विहिरीत सोडलेला."

शिवशंकर पुढं झुकला.  "वर वढायली व्हती का सोडून द्यायली व्हती? अव्वा, आठव. पाय कसे व्हते तिचे? रोवलेले व्हते का? वीर दिसला का दोराला?"

म्हातारीनं डोळे मिटून खरंच आठवायचा प्रयत्न केला. तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "न्हाई बाबा. तेवढं न्हाई बघितलं. पाणी रांजणात वतलं व्हतं, मंग ते बी टाकलं."

परतीच्या बसमध्ये ज्योती खिडकीकडं तोंड करून रडत होती, रागानं जास्त. "मी सांगणार तिला फोन करून. काय केलंय ते कळू दे तिला." त्यावर तो माणूस, ज्यानं लेकीवर जन्मात आवाज चढवला नव्हता, तो सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला, "खबरदार! तिच्या कानावर गेलं तर माझं मेलेलं तोंड बघशील!" मग तो दुरडी पोटाशी धरून बसला. बीदर येईपर्यंत ती त्यानं खाली ठेवली नाही.

ऑपरेशनचा काही उपयोग झाला नाही. होळीही लांबच राहिली. संक्रांतीच्या आधीच एका सकाळी तो उठला अन् मल्लेश्वरीला म्हणाला, "दिवा लाव की," तर बाहेर ऊन पडलेलं होतं. ती दारात तशीच उभी राहिली. 

आता तो दिवसभर ओसरीवर बसतो. पंधरा अंक पेटीत आहेत, त्यांना हात लावत नाही. दुरडीत मल्लेश्वरी भाकरी ठेवते, दुसरं काय करणार? तो चाचपून भाकरी घेतो, कधी कधी भाकरी न घेता नुसताच दुरडीवर हात ठेवून बसतो. ज्योतीला ते बघवत नाही. परवा ती कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसली. म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगा, मी काढते. सोळावा अंक आपणच पुरा करू. विहीर, काठावर ती आज्जी, दोर. ती त्याला वढायलीच असंल की वर."

शिवशंकरनं तोंड तिच्या आवाजाकडं वळवलं.

"तुला काय माहीत?" तो म्हणाला. "तू बघितलंस का?"